डबा आधी माझ्या नाकाशी

अष्टमी गावात आमच्या शेजारी राहणारे काका धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले आहेत. त्यांचा मुलगा जहाजावर असतो आणि सुट्टीवर येताना पाइपच्या इंग्लिश तंबाखूचा डबा आणतो. मागे एका तापात काकांना वास यायचाच बंद झाला. तरी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते पाइप भरतात, अंगठ्याने हळूच दाबतात, धूर न गिळता तोंडात घोळवतात.

"नुसती गरम हवा हाय," म्हणतात, आणि तरीही डोळे मिटून वाट बघतात.

पेटवण्याआधी डबा माझ्या नाकाशी धरायचा, हा त्यांचा नेम.

"सांग, कसला येतो?"

मी बिडीसुद्धा न ओढलेला माणूस. त्या तंबाखूत धुरावर सुकवलेलं काळं पान असतं, एवढंच ठाऊक. मी आपला म्हणायचो, "पोपटीचं मडकं उघडल्यासारखा." थंडीत शेतावर भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजतो ना, तसाच धुरकट. काका मान डोलवायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही. आपल्या जिभेचं सुख असं दुसऱ्याच्या नाकावर सोपवावं कशाला?

काल डबा माझ्याकडे आलाच नाही. काका तो स्वतःच्या नाकाशी धरून बसले होते. मी सवयीने म्हणालो, "पोपटी."

"पोपटी कसली?" काका माझ्यावर उखडले. "पोपटीत ओवा असतो. ह्यात ओवा कुठं हाय? इतके दिवस मला फसवत होतास व्हय रे?"