सात नंबरचा विळा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाच माहीत नाही, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती. नंतर लिहायची वेळ आली ती सही करण्यापुरती. तरी हे लिहून ठेवते. चारचौघींत बोलायला गेले की माझा आवाज घशातच राहतो, आणि या गोष्टीत सगळं नुकसान त्यामुळंच झालं.

आमची वस्ती चिकलठाण्याच्या पुढं आहे. कारखान्यात बायकांना काम असतं, पण चाळिशी उलटली की फाटकावरूनच परत पाठवतात. म्हणून आम्ही बारा जणी गवत कापून म्हशीवाल्यांना विकतो. पूर्वी गायरानात कापायचो. तिथं आता घरं झाली. चालत जाता येईल अशा अंतरावर गवत उरलं ते एकाच ठिकाणी, शेठच्या सागात. शेठ शहरात राहतात, क्रांती चौकात त्यांचं ऑफिस आहे. साग त्यांनी फार वर्षांपूर्वी लावला, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि एक मुकादम ठेवला. झाडांच्या दोन ओळींमध्ये गवत कमरेएवढं येतं.

ते फुकट मिळत नाही. आषाढापासून दिवाळीपर्यंत आत जायचा पास तीनशे रुपयांचा. वर पाचशे अनामत, ती दिवाळीच्या तोंडावर परत. कागद पावसात टिकत नाही म्हणून मुकादम विळ्याच्या मुठीला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधतो. बिल्ल्यावर नंबर ठोकलेला असतो. म्हणजे पास बाईचा नसतो, विळ्याचा असतो. फाटकावर मुकादम कुणाचं तोंड बघत नाही. मूठ बघतो, कापायची ओळ नेमून देतो आणि वहीत नंबर नि ओळ टाकतो. कुठल्याही एका विळ्यानं सागाचं झाड कापलं तर बाराही विळ्यांची अनामत बुडते. आम्हीच एकमेकींवर नजर ठेवावी म्हणून शेठनं हा नियम केला.

माझा नंबर आठ. सात नंबर अक्काचा. अक्का माझ्या भिंतीला भिंत लागून राहते. तिच्या सासरची जमीन होती, ती विमानतळाच्या कामात गेली, आलेले पैसे दिरांनी वाटून संपवले आणि अक्काच्या हातात विळा आला. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आमची जोडी होती. ओला भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. माझ्या भाऱ्याला अक्का हात लावायची आणि अक्काच्या भाऱ्याला मी. बोलणं फारसं नसायचं. ती बोलायची आणि मी ऐकायची.

श्रावणात नागपंचमीला हिंदू बायका काही कापत नाहीत. भाजी चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, विळ्याला हात लावत नाहीत. आम्ही बौद्ध, पंचमी करत नाही. त्यामुळं त्या दिवशी सागात आम्ही तिघीच जातो आणि गवत सगळं आमचं. वर्षातला तो एक दिवस मला बरा वाटायचा, कारण गर्दी नसायची.

त्या वर्षी पंचमीच्या आधी माझी धाकटी जाऊ लासूर स्टेशनहून आली होती. दिराचं मार्केटमधलं हमालीचं काम सुटलं होतं आणि घरात तंगी होती. ती म्हणाली, "मी बी येते ना बाई तुमच्यासंगं. दोन भारे झाले तर भाड्याचे तरी निघतील." तिच्याकडं पास नव्हता. पास नसलेला विळा मुकादम आत घेत नाही.

अक्काचा विळा तिच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेला असायचा. पहाटे मी तिथं उभी राहिले. आतून पुरणाचे दिंड उकडायचा वास येत होता. अक्काची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्याशी ती बोलत होती. मी हाक मारायला हवी होती. मनात दोनदा हाक मारली. सणाच्या दिवशी सकाळी सकाळी काय मागायचं, ती काय म्हणेल, लेक काय म्हणेल, असं करत मी विळा काढला आणि जावेच्या हातात दिला. दुपारच्या आत परत अडकवायचा होता. आज तो तसाही टांगूनच राहणार, असं मी स्वतःला सांगितलं.

आमच्यातल्या बाकीच्या दोघी त्या दिवशी उशिरा आल्या आणि पार पलीकडच्या ओळींत होत्या, त्यांनी जावेला पाहिलं नाही. सागात गवत कापायची एक पद्धत आहे. डाव्या मुठीत गवत धरायचं आणि विळा फिरवायच्या आधी मूठ जरा चोळायची. गवतात सागाचं लहान रोप असलं तर पान खरखरीत लागतं. जिथं झाडं मरतात तिथं शेठ दर वर्षी नवी रोपं लावतात, ती वीतभरच असतात. आम्हाला ही सवय हाताला झाली आहे. जाऊ कापसातली आणि कांद्यातली बाई. तिचा हात माझ्याहून दुप्पट चालतो. मी तिला सांगितलं होतं की नाही, ते मला आज आठवत नाही. सांगितलं असेल तर हळू सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद होतं. मुकादमाच्या हातात सागाची तीन रोपं होती, बुडातून सफाईनं कापलेली. ती जावेनं कापलेल्या ओळीत सापडली होती. त्यानं वही उघडून विचारलं, "सात नंबर कुणाचा?"

"माझा," अक्का म्हणाली. "पण म्या काल आलेच नाय. पंचमीला आमच्यात विळा शिवत नसतेत."

"विळा आला होता. वहीत हाय."

"मंग विळा काय पायानं चालत आला व्हय?"

दोघी-तिघी हसल्या. अक्काही हसली, आणि हसता हसता तिनं हातातल्या विळ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी तो आदल्या दिवशी परत अडकवला होता, पण उलटा. ती पातं नेहमी भिंतीकडं करून ठेवायची. मी बाहेर केलं होतं.

ती काही बोलली नाही. मला बोलायला जागा ठेवली तिनं, हे मला तेव्हाच कळलं. मी जमिनीकडं बघत राहिले. मुकादमानं पकडीनं सात नंबरचा बिल्ला काढून घेतला, सगळ्यांची अनामत बुडाली असं सांगितलं आणि फाटक उघडायचं की नाही ते शेठ ठरवतील म्हणाला. परत येताना बायका अक्काशी बोलत नव्हत्या. अक्का सगळ्यांच्या पुढं चालत होती, मी सगळ्यांच्या मागं.

तीन दिवस फाटक बंद राहिलं. जाऊ लासूरला निघून गेली. तिला मी रोपांचं सांगितलं तर ती रडली, दिसलीच नाहीत म्हणाली. नवरा म्हणाला, गप्प राहा, कुणी पाहिलेलं नाही. गप्प राहणं मला जमतं, दुसरं काही जमत नसलं तरी. पण भिंतीपलीकडं अक्काच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि मी ताट तसंच झाकून ठेवायची.

चौथ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर गेले आणि सांगितलं. किती वाक्यांत सांगितलं माहीत नाही. ती गहू निवडत होती. ताटातून नजर न काढता म्हणाली, "मला ठावं हाय."

निवडलेले खडे ओट्याखाली टाकले. मग म्हणाली, "पैशाचं सोड. पंचमीला माझ्या विळ्यानं कापलंस. घरात लेक पोटुशी असताना. एका शब्दानं इचारलं असतंस, तर मी नाय म्हणले असते. तेवढंच झालं असतं."

मी पंचमी मानत नाही. पण तिची लेक बाळंत होईपर्यंत मला धड झोप लागली नाही. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली, चांगली झाली. ते मला शेजारच्या दुसऱ्या बाईकडून कळलं.

अक्काला सांगितलं त्याच दिवशी मी माणशी भाडं घेणाऱ्या सीटच्या रिक्षानं क्रांती चौकात गेले. शेठचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. चप्पल खाली काढावी की वर, ते कळेना, म्हणून हातात घेऊन चढले. बाकावर दुपारपर्यंत बसले. शेठ आले तेव्हा फोनवर होते. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, सात नंबरचा विळा मी नेला होता, तिचा दोष नाही, तिचा बिल्ला द्या. त्यांना काही उलगडेना. कोणता विळा, कोणती बाई, असं विचारत राहिले. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मुकादमाला फोन लावला. शेवटी म्हणाले, "बाई, फाटक उघडायला सांगतो, बिल्लाही देतो. पण अनामत देणार नाही. आज तुम्हाला दिली तर नियम कशाला ठेवायचा?"

मी हो म्हणाले. इतके दिवस ज्याला घाबरत होते ते दोन मिनिटांत संपलं. जिना उतरून आल्यावर चौकात एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि चप्पल पायात घातली.

मग बायकांना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मी सांगितलं आणि म्हणाले, जिच्या तिच्या अनामतीचे पैसे मी देईन. अकरा जणींचे, प्रत्येकीचे पाचशे. एक म्हणाली, "दिवाळीचं तेल त्या पैशावर धरलं होतं गं आम्ही." दुसरी म्हणाली, "तोंड हाय म्हणायचं हिला." तिसरीनं पाठ फिरवून विळा उचलला, तिचं मला जास्त लागलं.

त्या हंगामात माझ्या भाऱ्याला कुणी हात लावला नाही. ठरवून नसेल, पण नाही लावला. मी भारा लहान बांधायची, ओढत बांधापर्यंत न्यायची, बांधावर टेकवून खाली बसायची आणि मान घालून उठायची. लहान भाऱ्याला म्हशीवाले पैसेही लहानच देतात. नवऱ्याचा पगार किराण्यात आणि घरभाड्यात जातो. लग्नसराईत मी मंगल कार्यालयात भांडी घासायला लागले. जावेनं एकदा दोनशे रुपये पाठवले, कुणाच्या तरी हाती, चिंधीत बांधून. त्यातच कळलं की दिराला अजून काम नाही.

पाचशे जमले की एकीला द्यायची. सगळ्यात आधी अक्काला द्यायला गेले होते. तिनं घेतले नाहीत. "आधी त्यांचे दे," म्हणाली. "माझे शेवटी." राग होता की समजूत, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. पुढच्या आषाढात पुन्हा पास काढायचा, पुन्हा अनामत भरायची होती. तेव्हा चार जणींचं देणं बाकी होतं. त्या वर्षी मुकादमाकडं मीच सगळ्यांच्या आधी उभी होते, कारण मागं उभं राहायचा कंटाळा आला होता.

त्या दुसऱ्या हंगामात एके दिवशी मी बांधाशी भारा ओढत नेत होते, तर मागून कुणी हात घातला. अक्का होती. भारा डोक्यावर चढवला आणि पुढं गेली. मी तिच्या मागं निघाले. नंतर कधी हात लावायची, कधी नाही. पंचमीला ती आता विळा आत ठेवते, ओट्यावर नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचे पाचशे पुरे झाले. शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, बाकी दहा-दहाच्या. दुपारी तिच्या ओट्यावर गेले. विळा पायाशी ठेवून ती दगडावर धार लावत होती. ओले हात लुगड्याला पुसून तिनं पैसे घेतले, एकदा मोजले, पुन्हा मोजले. दहाची एक नोट फाटकी होती, ती उजेडात धरून पाहिली आणि बाकीच्यांत ठेवली.

"पुरे हाईत," ती म्हणाली. "फिटले तुझे."