पुतळाबाईची सही आणि गावाचं खळं

दिवाळे कोळीवाड्याच्या जेटीवर पुतळाबाईच्या मासळीला कोणी शिळी म्हटलं, की त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. ती ओरडली तर घरात सवयीने कोणी मान वर करूनही बघत नसे. त्या सकाळी मात्र ती गप्प बसली आणि सून उन्नती घाबरली.

महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं ऑनलाइन आली होती. उन्नती मोबाइलवर हरेशचं वाचून दाखवत होती. हरेश म्हणजे पुतळाबाईचा सख्खा भाचा. त्याच्या मालमत्तेच्या यादीत फ्लॅट, गाडी आणि तिसऱ्या ओळीत गावाचं खळं! जिथे साठ बायका बोंबील वाळवतात, ज्याच्या जिवावर नवरा गेल्यावर पुतळाबाईने दोन पोरं वाढवली, ते खळं या गृहस्थाच्या नावावर. निर्लज्जपणाची हद्द झाली!

"आई, खाली अर्जपन हाय," उन्नती चाचरत म्हणाली.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही गावातल्या वडीलधाऱ्या बाईने करायची, तीही देवीसमोर, असा गावाचा रिवाज. पुतळाबाईने ती केली होती, एक अक्षर न वाचता. घरच्या पोराचा कागद कोण वाचतं? साक्षरता वर्गात घोटून घोटून शिकलेली ती वाकडी सही आता साऱ्या जगाला दिसत होती.

ती तडक खळ्यावर गेली. हरेश तिथेच हात जोडत फिरत होता.

"खळं तुजा कवापासून झाला रं?"

"आत्या, ते नुसतं कागदावर हाय गो. टेन्शन नको घेऊ."

"कागदावरच माजी सही हाय, मेल्या!"

त्याने हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. संताप त्याचा होता, तितकाच स्वतःचाही. सही आता मागे घेता येत नव्हती.

संध्याकाळी सुकी मासळी गोळा करायला बायका जमल्या. पुतळाबाईने उन्नतीला पालथ्या टोपलीवर उभं केलं आणि सगळं वाचायला लावलं. खळ्याची ओळ येताच बायकांचा गलका उठला. उन्नतीने घाईघाईने मोबाइल बंद केला.

"थांबली कशाला?" पुतळाबाई कडाडली. "खाली माजा नाव हाय ना? तेबी वाच. मोठ्यानं वाच."