मार्वेच्या वाडीत कॅरॅव्हॅन हलली तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की माझं डोकं उठतं. बिल्डिंगच्या गच्चीवर मंडळी असलं काही सांगायला लागली की मी चटई गुंडाळून सरळ खाली यायचो. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे वस्तू एक तर लेव्हलमध्ये असते, नाहीतर नसते. मधलं काही नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण परवा बायको वैतागून म्हणाली, "इतकी वर्षं आम्हालाच पिडताय, आता एकदाचं लिहून मोकळे व्हा!"

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, साधारण मधली. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी ज्या वर्कशॉपला होतो, तिथे एका गिऱ्हाइकाने कॅरॅव्हॅन करायला दिली होती. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली — आत पलंग, मोरी, ओटा, आणि मोटारीच्या मागे जोडून न्यायची. तेव्हा असलं काही कुणी पाहिलेलंही नव्हतं. तयार झाल्यावर वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "डिलिव्हरीच्या आधी दोन दिवस कुठेतरी राहून बघ. पाणी गळतं का, दारं अडकतात का, सगळं बघून ये."

मी लगेच हो म्हटलं, कारण डोक्यात बाबा होते.

बाबांना त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू पार गेली. बोलणंही गेलं, एक "बरा" एवढाच शब्द राहिला. दुखलं तरी बरा, भूक लागली तरी बरा. घाटकोपरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आणल्यापासून त्यांनी खालचा रस्ता बघितला नव्हता. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, "पाय उचलायचे असतील तर या दोन-तीन महिन्यांत उचलतील. नाहीतर मग खाटच." आई त्या दोन-तीन महिन्यांवर जीव टांगून बसलेली. सकाळ-संध्याकाळ तेल चोळायची आणि त्या पायाशी बोलायची. हो, पायाशी! "उठ रे मेल्या, किती झोपशील," असं.

तर म्हटलं, हवापालट होईल. मार्वेला शेठच्या ओळखीच्यांची नारळाची वाडी होती, समुद्राला लागून. वर्कशॉपच्या मॅटाडोर टेम्पोने आदल्या दिवशी कॅरॅव्हॅन नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून आम्ही चौघा शेजाऱ्यांच्या मदतीने जिने उतरवलं, टॅक्सीत घातलं, आणि आई, मी, वैशाली — म्हणजे माझी बायको — असे निघालो.

वाडीतली जमीन समुद्राकडे उतरती. कॅरॅव्हॅन लेव्हलला आणायची म्हणजे आधी आडवी बाजू बघायची. खालच्या अंगाच्या चाकाखाली फळ्या सारायच्या, मग पुढचं तोंड जॅकवर वर-खाली करायचं, आणि शेवटी चार कोपऱ्यांना चार टेकू. हा क्रम चुकला की सगळं परत पहिल्यापासून. मी स्पिरिट लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची पट्टी, घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर करत होतो. वैशाली हसायला लागली. "अहो, राहायचंय दोन दिवस. ताजमहाल बांधताय का?"

"बाबा घसरतील," मी म्हटलं. त्यांना स्वतःला सावरता यायचं नाही ना! जरा उतार असला की ते पलंगाच्या कडेला यायचे आणि तसेच पडून राहायचे. म्हणून दोन्ही अंगांना लोड लावून, चादर गादीखाली घट्ट खोचून त्यांना झोपवायचं, अशी वैशालीची पद्धत होती.

एक गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी कळली. टेकू कितीही घट्ट करा, आत कुणी चाललं की गाडी स्प्रिंगवर जराशी दबते. बाहेर बसलेल्याला ते बरोबर दिसतं. वैशाली आत गेली की आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची, "बायको जाड झाली हां तुझी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना पेज भरवून वैशालीने नीट झोपवलं. दार लोटून घेतलं, आणि आम्ही तिघं माडाखाली जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं. लख्ख ऊन, वारा पडलेला. आई भात कालवत होती.

आणि गाडी दबली.

पलंगाच्या अंगाला, एकदाच. मला वाटलं, भास. मग परत... या वेळी जरा दाराच्या बाजूला. एक मोठा दाब, मागून एक छोटा. मोठा... छोटा. मोठा... छोटा.

आईचा हात ताटातच थांबला. "ते चलतत," ती म्हणाली. अगदी हळू, गावच्या मालवणीत. मग एकदम ओरडली, "अरे, तुझो बापूस चलता! मी काय तेंचो पाय वळखणंय नाय?"

बाबांची चाल मलाही माहीत होती. गिरणीत असताना डाव्या पायावर काहीतरी पडलं होतं, तेव्हापासून उजवा दाणकन टाकायचे आणि डावा ओढत आणायचे. आता विचार करा... दाणकन पडणारा पाय उजवा. तोच तर गेला होता!

मी उठलो, तशी आईने खरकट्या हाताने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की नखं रुतली. "थांब! जाव नको. धरायला गेलास तर परत बसतील. स्वतःहून येऊ दे त्यांना."

मी थांबलो. माझ्याही छातीत धडधडत होतं — भीतीने नाही, आनंदाने. वैशाली तोंडावर हात घेऊन रडायलाच लागली होती.

पावलं दारापाशी आली. दाराकडचा कोपरा खाली गेला आणि तसाच राहिला. आत कुणीतरी उभं होतं, दाराला लागून. आम्ही बाहेर उभे. आई कुजबुजत होती, "या... या... जपून हां..." देवाला हाक मारावी तशी.

दार काही उघडलं नाही. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग तो कोपरा वर आला. मोठा... छोटा... पावलं परत फिरली. पलंगाशी गेली आणि गाडी स्थिर झाली.

मी धावत जाऊन दार उघडलं. बाबा पलंगावर होते. लोड दोन्ही बाजूंना जिथल्या तिथे. चादर वैशालीने खोचली होती तशीच खोचलेली, एक सुरकुती नाही. पण बाबा घामाने निथळत होते आणि धापा टाकत होते, आमचे तिन्ही जिने चढून आल्यासारखे. डोळे सताड उघडे, दाराकडे.

"चललात ना?" आईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं. "माका सांगा, चललात ना?"

"बरा," बाबा म्हणाले.

आम्ही त्यांना उभं करून बघितलं. काय सांगू... सगळा भार आमच्या अंगावर आला. तो पाय जमिनीला नुसता लागला होता, बस. आई म्हणाली, "दमले असतील." मग पदर तोंडात धरून बाहेर गेली.

त्यानंतर मी काय-काय केलं, ते सांगतो. टेकू तपासले — वाळूत रुतले असतील म्हणून. रुतले नव्हते. आणि रुतले असते तर कोपरा परत वर कसा आला असता? लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मध्ये. मी स्वतः आत उजवा पाय आपटत, डावा ओढत चाललो आणि वैशालीला बाहेरून बघायला लावलं. ती पांढरीफटक पडली. "अस्संच," म्हणाली. बाबांना पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, तर गाडी ढिम्म हलली नाही. एवढ्याशा गाडीत दुसरं कुणी लपायला जागा नाही, मीच बांधलेली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "झटका आलेल्या माणसाला स्वप्नात चालल्यासारखं वाटतं. घाम त्याचाच." बरं, मानलं. पण स्वप्न त्यांनी बघितलं, मग गाडी का दबली? डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आमचे शेठ म्हणाले, "जागेचं काहीतरी असेल, नारळ द्यायचास." पण जागेला बाबांची चाल कशी माहीत?

मला अजूनही काही कळलेलं नाही. डोक्याचा भुगा होतो नुसता.

बाबा परत कधी चालले नाहीत. ते दोन-तीन महिने गेले, आणि वर्षाच्या आत तेही गेले, त्याच घाटकोपरच्या खाटेवर. आई आता खूप थकली आहे, पण तो दिवस तिला लख्ख आठवतो. दर वर्षी बाबांच्या तिथीला पान वाढून झालं की ती माझ्याजवळ येऊन बसते. ते चालले होते, याबद्दल तिला काडीचीही शंका नाही. तिचा प्रश्न वेगळाच असतो.

"तू उठला होतास रे," ती म्हणते. "दार उघडायला निघाला होतास. मीच तुका धरून ठेवलंय. ते बिचारे एवढे चलान इले आणि मी तेंका दारात उभे ठेवलंय..."

मी तिचा हात हातात घेतो. दार उघडलं असतं तर पलीकडे कोण दिसलं असतं, मला खरंच माहीत नाही.