मांदेलीशिवायचा पास्ता

गेल्या महिन्यात मोरव्याला आईकडे मी आजवरचा सगळ्यात भारी पास्ता केला... आणि जिच्यासाठी केला तिलाच तो खाता आला नाही. आता डोकं थंड झालंय म्हणून लिहितेय.

आम्ही कोळी. भाईंदरजवळचं मोरवा माझं माहेर, लग्नानंतर मी मीरा रोडला. धाकटा भाऊ निलेश बँकेत आहे आणि त्याचं लग्न हेतलशी ठरलंय. हेतल गुजराती, भाईंदरचीच, मराठी झकास बोलते. पण मासे, मटण, अंडं यातलं काहीही तिने जन्मात खाल्लेलं नाही.

त्याआधी ती दोन-तीनदा आईकडे आली होती. चहा घ्यायची, आणि बाकी कशालाही हात लावण्याआधी हळूच विचारायची, यात तसलं काही नाही ना? तिचं काहीच चुकत नव्हतं, पण आईला ते लागायचं. सून आपल्या घरचं निर्धास्त जेवली नाही तर ती आपली कशी होणार, हे तिने मला फोनवर दहादा तरी ऐकवलं असेल.

मग कळलं की हेतलला पास्ता आवडतो. म्हटलं, हा तर माझा प्रांत!

माझा पास्ता आमच्या घरात फेमस आहे. मूळ रेसिपीत अँचोव्ही म्हणून खारवलेला बारीक मासा तेलात विरघळवतात. मी त्याऐवजी सुकी मांदेली भाजून, कुटून घालते. खरी मजा त्या चिमूटभर पुडीतच असते... तीच काढली की उरतं काय? लाल शेवया.

मग दोन आठवडे माझे प्रयोग चालले. सोया सॉसने पास्ता चायनीज लागायला लागला. मिसो नावाची जपानी पेस्ट मागवली, तर नवरा म्हणाला डाळ आंबलीय का. काळे ऑलिव्ह बारीक चिरून, भरपूर लसूण आणि तळलेली ताकातली मिरची चुरून घातली तेव्हा गाडी जरा रुळावर आली, पण तो मासळीचा खोलवरचा खारेपणा काही येईना.

उन्हात वाळवलेल्या टोमॅटोने तो येतो असं वाचलं. बाटलीतले आणले, ते नुसतेच आंबट. शेवटी आईला सांगितलं, तुझ्या गच्चीवर मीठ लावून टोमॅटो वाळव. वाळवण्यात आईचा हात कोण धरणार! आठवड्यात तिने डबाभर लालभडक टोमॅटो तयार ठेवले.

त्या रविवारी आईने नवी कढई, नवं पातेलं, नवे चमचे काढले. आदल्या दिवशी घर लिंबाच्या पाण्याने पुसलं. मासळी दोन दिवस आधीच बंद. मी पास्ता केला, चाखला आणि खरंच उडाले... हुबेहूब मांदेलीची चव! निलेशने एक घास खाल्ला आणि म्हणाला, ताई, यात मांदेली नाही? शपथ घे. मी शपथ घेतली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

हेतल जेवायला बसली आणि नेहमीसारखं विचारलं, ताई, यात काय काय आहे? मी अगदी टेचात एकेक जिन्नस सांगितला. टोमॅटो आईने वाळवलेत म्हटल्यावर तिला कौतुक वाटलं. तिने आईला विचारलं, कसे वाळवता?

आई खुशीत सांगायला लागली. आधी ताटात घातले, पण कावळे राहू देईनात, म्हणून मग झाकणाच्या टोपलीत... आणि तिथेच थांबली. आमच्या गच्चीवर झाकणाची टोपली एकच. वीस वर्षं त्यात बोंबील आणि मांदेली वाळतात. आमच्या घरात त्या वासाचं कुणालाच काही वाटत नाही, नाकं सरावलीत. सगळी भांडी नवी आणली आणि टोपली मात्र कुणाच्या मनातही आली नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेतलचा काटा तोंडाशी होता.

खरं सांगते, लाज वाटतेय पण सांगते... मी आईकडे डोळे वटारून बघितलं. गप्प बस. तिला काय कळणार आहे? एवढा घाट घातलाय, एक घास जाऊ दे.

आईने माझ्याकडे बघितलं आणि सरळ हेतलचा हात धरला.

"थांब पोरी, खाव नको. टमाटे मासलीच्या टोपलीत सुकवलं हायत. माझी चूक हाय."

निलेशचा चेहरा पांढराफटक. आईच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, संपलं... आता ही परत या घरात पाणीसुद्धा पिणार नाही.

हेतलने काटा खाली ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात गेली. नव्या पातेल्यात थोडा नुसता उकडलेला पास्ता उरला होता. त्यात तिने बटर, मिरपूड आणि उरलेले ऑलिव्ह घातले, ताटात वाढून घेतलं आणि आईच्या शेजारी बसून जेवली. आमचा मांदेलीवाला पास्ता आम्ही तिघांनी मुकाट्याने संपवला. चव मात्र... असो.

परवा ती पुन्हा आली. आईने आता टोमॅटोसाठी वेगळी जाळी आणलीय, तिला लाल रिबन बांधलीय. मी पास्ता वाढला आणि सवयीने काय काय घातलंय ते सांगायला लागले, तोवर हिचे दोन घास खाऊन झालेसुद्धा.

मी म्हटलं, अगं, आज विचारलं नाहीस?

ती म्हणाली, "आई आहेत ना. काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

आई उगाच कढईत डाव फिरवत राहिली, वर बघितलंच नाही.

बिनमाशांच्या पास्त्याची रेसिपी हवी असेल तर कमेंटमध्ये देते. पण ही पोस्ट आईसाठी आहे... आई, त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस, त्याबद्दल थँक यू.