वाऱ्याच्या आडोशाला

दरवर्षी संक्रांतीला आम्ही दोघं मराठी मंडळाच्या बसने दिल्लीतल्या द्वारकेहून पानिपतला, मराठे पडले त्या काला अंबला जायचो. बायको तिथली चिमूटभर माती आणून तुळशीत घालायची. ती वारल्यावर बसमधली शेजारची रिकामी सीट मला बघवली नसती, म्हणून सायकल काढली. मुलगा म्हणाला, "बाबा, वेड लागलंय तुम्हाला." लागलं असेल.

वाटेत मुरथल गावाच्या पुढे समोरून असा वारा सुटला की पाय उचलेनात. माती न घेताच परतावं लागणार म्हणून खाली उतरलो. तेवढ्यात सामान लादलेले दोन सायकलवाले मागून आले, लांबच्या प्रवासाला निघालेले. एक सरदारजी, एक पुण्याची पोरगी. सरदारजी म्हणाला, "बाबाजी, मेरे पीछे चिपक जाओ, हवा मैं खाऊँगा."

चिपकलो, आणि वारा थांबलाच की. म्हणजे तो होताच, पण सरदारजीच्या छातीवर. माझी जुनी सायकल कोणी ढकलल्यासारखी पळायला लागली. सगळं आयुष्य सायकल चालवली, पण हे कधी कळलं नव्हतं. सरदारजी दमला की मागे यायचा आणि पोरगी न बोलता पुढे व्हायची.

मी म्हटलं, "आता माझी पाळी."

"आजोबा, तुमच्या मागे आम्हाला झोप लागेल," ती म्हणाली.

काला अंबला दोघंही माझ्यासोबत वाकले. रुमालात माती बांधताना बायकोची ती चिमूट आठवली. घरात इतकी वर्षं मला वारा का लागला नाही, ते मला तिथे कळलं.