बंगलागाडीचं गळकं छप्पर

पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि वर पत्र्यावर कोणीतरी ठोकत होतं.

गाडी नाल्यात एका अंगावर कलली होती. दार खालच्या अंगाला जाऊन चिखलात रुतलं होतं. खिडकीला अस्वलाच्या भीतीने बसवलेले लोखंडी गज. आत मी आणि ठेकेदार, दोघंच. ठेकेदार त्याच्या बाजेवर चढून वरच्या लाकडाला धरून उभा होता. पाऊस नव्हता. पूर वर जंगलात कुठेतरी झालेल्या पावसाचा होता, आमच्यावर लख्ख ऊन पडलं होतं. तरी छपरातून पाणी गळत होतं... आणि फक्त त्याच्याच डोक्यावर.

ठक ठक.

"रहमान आहे काय वर?" ठेकेदाराने विचारलं.

"रहमानभाई काठावर आहे, मालक. हा काय, गजातून दिसून राह्यला."

"मंग कोण आहे?"

वर कोण आहे ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

भूतखेत मी मानत नाही. जंगलात उभं आयुष्य काढलं, वाघ पाहिला, पटकीने माणसं मेलेली पाहिली, भूत काही पाहिलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत आहे. नात म्हणते, लोक इथे असे अनुभव लिहितात, तूही लिही. म्हणून लिहिते. पटलं तर पटलं.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. आलापल्लीकडून एटापल्लीकडे जाणाऱ्या जंगलात या ठेकेदाराचं सागाचं काम चाले. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आहेत. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली फौजी लॉरी त्याने घेतली होती. मागच्या बाजूला सागाच्या फळ्यांची खोली करून वर टिनाचे पत्रे ठोकले होते. आत त्याची बाज, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. मजूर तिला बंगलागाडी म्हणत. माझा नवरा सदू त्या गाडीचा ड्रायव्हर आणि मी स्वयंपाकाला. आम्ही पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये झोपायचो. तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नव्हते. आता घेते, आता कोण अडवणार.

छप्पर सारखं गळायचं. सदू म्हणायचा, घराचं छप्पर एका जागी बसते, हे छप्पर चालते, म्हणून गळते. आणि खरंच, जंगलातल्या वाटेने गाडी हादरली की खिळे ढिले पडायचे. दुरुस्तीची आमची रीत ठरलेली होती. कोरड्या दिवशी, भर दुपारी मी आत बसायची, दार लावून, खिडकीवर पोतं टाकून, अगदी अंधार करून. जिथे भोक असेल तिथून तिळाएवढा उजेड दिसायचा. तिथे मी भाकरी उलटायच्या सराट्याने खालून दोनदा ठोकायची. दोन ठोके म्हणजे, इथं. सदू वरून पत्र्यावर स्क्रू पिळायचा पेचकस ओढायचा, खर्रर्र. ओरखडा म्हणजे, समजलं. मग तिथे तेलात वितळवलेली राळ ओतून वर कापडाची पट्टी डकवायचा. बोलावं लागायचंच नाही.

त्या पावसाळ्यात एका दुपारी अंधारून आलं आणि ठेकेदाराची गादी भिजली. त्याने सदूला वर चढायला सांगितलं. विजा चमकत होत्या. सदू म्हणाला, "मालक, ओल्या पत्र्यावर राळ धरत नाई. पाऊस उघडू द्या, लगेच करतो."

"बायकोच्या पदराखाली बसाचा पगार घेतो काय रे?" ठेकेदार म्हणाला.

सदू चढला. मी खालून ठोकलं, पण त्या पावसात त्याला काय ऐकू जाणार. घसरला आणि तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर डोक्यावर पडला. हलला नाही. ठेकेदाराने मला मजुरांना बोलवायला पाठवलं. मी चिखलातून धावत गेले, माणसं घेऊन आले, तर सदूच्या सदऱ्याला मोहाच्या दारूचा वास. तो सदरा सकाळी मीच धुतला होता. आणि हा माणूस दारूला शिवत नव्हता! पोलीस पाटील आला, त्याने वाकून वास घेतला. ठेकेदार म्हणाला, पिऊन चढला, मी नाई म्हणत होतो. पाटलाने मान हलवली. झालं.

सदूच्या न पिण्याला कारण होतं. माझा सासरा दारूने गेला. सासूने सदू लहान असतानाच त्याला आपल्या गळ्याची शपथ घातली होती की शिवणार नाही. चामोर्शीकडच्या आमच्या गावी प्रेत नेलं तेव्हा वास अजून गेला नव्हता. सासू ओसरीवरून उठली आणि आत गेली. बाहेर आली नाही. मी आत जाऊन तिच्या पायाशी बसले, सांगितलं की हे खोटं आहे, ते प्याले नव्हते.

ती म्हणाली, "बायका असंच सांगतात, कौसल्या. मीबी सांगत होती."

तिने पोराचं तोंड पाहिलं नाही. तसंच उचललं त्याला.

तेरावं झालं आणि मी परत बंगलागाडीवर स्वयंपाकाला गेले. गाव म्हणालं, बाई निर्लज्ज आहे. म्हणो. मला त्या माणसाच्या तोंडून खरं काढायचं होतं, आणि तेही माझ्या सासूसमोर. रोज त्याचं वरण घोटताना माझ्या डोक्यात तेवढंच असायचं. विष घालता आलं असतं, जंगलात विषाला काय तोटा. पण मेलेला माणूस कबूल काय करणार?

नवा ड्रायव्हर बल्लारपूरचा रहमानभाई. कमी बोलणारा, कामाचा माणूस. पावसाळा सरला, थंडी लागली, आणि छप्पर गळायला लागलं. आभाळात ढग नाही आणि ठेकेदाराच्या बाजेवर पाणी! त्याने बाज दुसऱ्या कोपऱ्यात नेली, गळती तिकडे गेली. दाराशी नेली, तिथेही. माझ्या स्टोव्हवर, पिठावर कधी थेंब नाही. ठेकेदाराने चांद्याहून टिनवाला आणून नवे पत्रे लावून घेतले, खिळ्यांच्या जागी पेच बसवले. रहमानभाईने ते पुन्हा स्वतःच्या हाताने आवळले. त्यानंतरही गळलं. ठेकेदार छत्री उघडून झोपायला लागला. मजूर आपसात हसायचे. एकजण मला म्हणाला, "बाई, मालक छत्रीत झोपते, मंग पावसात चादर घेऊन फिरते काय?"

एका दुपारी ठेकेदार जंगलात माप घ्यायला गेला होता, तेव्हा मी दार लावलं, खिडकीवर पोतं टाकलं आणि वर पाहिलं. काळाकुट्ट अंधार, तिळाएवढाही उजेड नाही. म्हणजे भोक नव्हतंच. सवयीने मी सराट्याने दोनदा ठोकलं.

वरून खर्रर्र.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच.

बाहेर झाडाखाली रहमानभाई जेवत बसला होता. त्याने विचारलं, "कौसल्याबाई, ऊपर कौन है?" मी दार उघडून पाहिलं. वर कोणी नव्हतं. त्याने डबा उचलला आणि लांब जाऊन बसला. त्यानंतर त्या छपराला त्याने हात लावला नाही. मी घाबरले नाही. खरं सांगते, मला राग आला. मनात म्हटलं, यायला एवढे दिवस लावले?

पुढच्या पावसाळ्यातली ही नाल्याची गोष्ट. रहमानभाई म्हणत होता, पाणी वाढणार आहे, थांबू. ठेकेदाराला घाई. नाल्यावरच्या रपट्याच्या, त्या बुटक्या फरशीपुलाच्या, मधोमध इंजिन बंद पडलं. रहमानभाई माणसं आणायला उतरून काठावर पोहोचला आणि मागून लोंढा आला. गाडी रपट्यावरून सरकली आणि एका अंगावर कलली.

तर मी सांगत होते, ठक ठक.

सराटा माझ्या हातातच होता. मी खालून ठोकलं. वरून ओरखडा आला. ठेकेदाराचे ओठ निळे पडले होते, डोक्यावरून पाणी ओघळत होतं.

मी म्हटलं, "मालक, त्याले सांगा."

"काय सांगू?"

"त्याच्या आईले जे सांगाचं ते."

पाणी माझ्या गळ्याला लागलं तेव्हा तो बोलला. माझ्याशी नाही, पत्र्याशी बोलला. "तू प्याला नव्हता रे. मीच चढवलं तुले. बाटली मीच ओतली."

मग माझ्या डोक्यावर, नेमकं तिथंच... ठक ठक.

दोन ठोके म्हणजे, इथं.

मी सराट्याची मूठ लावून पत्रा वर रेटला. तो डब्याच्या झाकणासारखा उचलला गेला. सगळे पेच निघालेले होते. ऊन आत आलं. छपरावर कोणी नव्हतं. पिंपावर पाय देऊन मी बाहेर निघाले, तशी ठेकेदाराने मागून माझी पोटरी धरली. एक लाथ पुरली असती. पण तो बुडाला असता तर सदू कायमचा दारुडा राहिला असता. मी त्याची कॉलर धरली आणि ओढून काढला. रहमानभाई आणि मजुरांनी दोर टाकले. आम्ही काठाला लागलो आणि गाडी गेली.

काठावर उन्हात बसून माझं लुगडं वाळलं. ठेकेदाराच्या केसांतून पाणी निथळतच होतं. वर नुसतं आभाळ. रहमानभाईने पाहिलं आणि मान फिरवली. मी म्हटलं, आमच्या गावाले चला. त्याला ओढत न्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत आपणच येऊन बसला.

सासू ओसरीवर बसली होती. ठेकेदार छपराखाली यायला लागला तशी ती म्हणाली, "तिथंच."

तो अंगणात उभा राहिला. सारवलेल्या कोरड्या जमिनीवर त्याच्याभोवती ओल पसरत होती. त्याने सगळं सांगितलं. पाऊस, विजा, बाटली, सगळं.

"मोठ्यानं सांग," सासू म्हणाली.

माणसं जमली. नवा माणूस आला की सासू त्याला परत सांगायला लावायची. आमच्या गावच्या पोलीस पाटलाला बोलावणं गेलं, त्याच्यासमोरही सांगायला लावलं. दिवसभर त्याला बसू दिलं नाही, घोटभर पाणी दिलं नाही. मीही दिलं नाही. मला कीव आली नाही, अजून येत नाही. दिवस कलला तेव्हा कुठे त्याच्या अंगावरचं गळणं थांबलं. मग तो गेला.

माणसं पांगल्यावर सासूने मला विचारलं, "त्याचं तोंड कसं होतं गं?"

मी सांगितलं, मार डोक्याला होता, तोंड चांगलं होतं.

ती हो म्हणाली आणि चुलीकडे गेली.

लोक म्हणतात पाण्याच्या जोराने पत्रा उचकटला असेल. असेल बाबा. पण कोरड्या दुपारी वरून पेचकस कोणी ओढला? रहमानभाईने ऐकलं ते काय होतं? उन्हात बसलेल्या माणसावर पाणी कुठून पडलं? मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, मला कळलेलं नाही आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नाही.

गाडी पुन्हा सापडली नाही. पुरात तिच्यात दोघं होतो, मी आणि ठेकेदार. दोघंही जगलो.