हौसाची सतरंजी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे सतरंजी झटकणं. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. तिनं असा हिसका दिला की मी दोन पावलं पुढंच गेलो. "आवं, धरताय का लोंबकळताय?" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

हौसा माझी बायको. गावाचा कारभार ग्रामसभेत चालतो असं म्हणतात. खोटं आहे. आमच्या गावचा चालतो गावचे मोठे जमीनदार अण्णा, त्यांच्या शेतावर, हुरड्याला. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, वर गूळ, चटणी, आणि भोवती सरपंचासकट बडी माणसं. दाणे चोळता चोळता सगळं ठरतं. ग्रामसभेत आम्ही नुसते हात वर करायचे.

गेल्या साली कानावर आलं, वरच्या आळीला मंजूर झालेली पाण्याची टाकी अण्णांच्या प्लॉटांकडं सरकणार. आम्ही वरच्या आळीतले. आमच्या बाया टेकडी उतरून पाणी आणतात. हौसा म्हणाली, "जिथं ठरतंय तिथं बसायचं." सतरंजी डोक्यावर घेतली, आळीतल्या बाया मागं घेतल्या आणि थेट आगटीजवळ अंथरली.

अण्णा म्हणाले, "वैनी, ह्यो आमचा खाजगी हुरडा हाय."

"असू द्या की. टाकी तर गावाची हाय न्हवं? तुमी ठरवा, आमी हात वर करतो. तेवढंच काम हाय आमाला."

आणि कुणी काही बोलायच्या आत साऱ्या बायांनी हात वर केले, तोंडात हुरडा तसाच. सरपंचाला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. त्या दिवशी काही ठरलं नाही. हुरडा मात्र संपला.

यंदा पुन्हा तेच, म्हणून ती सतरंजी झटकली. पण त्याच रात्री हौसा झोपेत गेली. सांगून जायची सवय तिला नव्हतीच कधी. दुपारी माती झाली. अण्णा येऊन "लय वाईट झालं" म्हणाले. उद्याचा हुरडा पुढं ढकलतो, असं काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरंजी डोक्यावर घेतली, आगटीजवळ अंथरली आणि बसलो. सगळे ताडकन उभे. "तात्या, सुतक हाय तुमाला!"

"व्हय की. उठवायचं तर हात लावा. मग घरी जाऊन डोक्यावरनं आंघोळ करा. थंडी लय हाय, बगा बाबा."

कुणी मला शिवेना, कुणी हुरड्याला शिवेना. शेवटी सरपंच म्हणाले, "टाकीचं ग्रामसभेतच बघू, सगळ्यांम्होरं." एकेक गाडी निघून गेली.

मी एकटाच हसलो, खोकला येईपर्यंत. मग सतरंजी उचलली. झटकायला दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं. तशीच घरी आणली, आगटीजवळच्या कोंड्यासकट.